मूळ आलेख की डेरिव्हेटिव्हचा आलेख?

वाढ-घट आणि इन्फ्लेक्शन (वक्राचं वळण बदलतं ती जागा) कोणत्या आलेखावरून वाचणं सोपं? सीईटीच्या पेपरात आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते बघा: फलन की त्याचं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे प्रत्येक ठिकाणचा उतार). मार्क बहुतेक तिथेच जातात.

क्ष³ − ३क्ष² घ्या. मूळ आलेखात चढउतार लगेच दिसतात: ० पर्यंत वाढ, ० ते २ घट, पुढे पुन्हा वाढ. अडतं ते इन्फ्लेक्शनवर. डावीकडून उजवीकडे जाताना कात्रज घाटात गाडी चालवतोय असं समजा. स्टिअरिंग उजवीकडे, तर वक्र खाली वळलेला. डावीकडे, तर वर वळलेला. बाजू बदलते तो इन्फ्लेक्शन पॉइंट, इथे (१, −२). पण नुसत्या नजरेला तो ०.९ वाटेल, नाहीतर १.१.

डेरिव्हेटिव्ह ३क्ष² − ६क्ष, म्हणजे पॅराबोला (वाटीसारखा वक्र). तो आडव्या अक्षाच्या वर तिथे फलन वाढतं, खाली तिथे घटतं. इन्फ्लेक्शन त्याच्या तळाशी, जिथे डेरिव्हेटिव्ह घटायचं थांबून वाढू लागतं, क्ष = १ ला; थेट बोट ठेवता येतं. घोळ होतो तो असा: १ नंतर पॅराबोला चढू लागतो आणि मुलं ‘फलन वाढतं’ लिहून मोकळी होतात. पण २ पर्यंत तो अक्षाखालीच असतो. फलन घटतंच, फक्त उतार सौम्य होत जातो. शिवाय −२ ही उंची इथे दिसत नाही.

क्ष⁴ ला मात्र मूळ आलेखच बरा. ४क्ष³ शून्यापाशी सपाट होतो, म्हणून इन्फ्लेक्शन वाटतं. पण तो दोन्हीकडे चढताच आहे, म्हणजे वळणाची बाजू बदलत नाही. मूळ वक्र सगळीकडे वरच वळलेला स्पष्ट दिसतो.