आर्केड कॅबिनेटला पुठ्ठ्याचं बेझल: आठ महिन्यांनंतर

बेझल म्हणजे पडद्याभोवतीची झाकणारी चौकट. तात्पुरतं म्हणून पुठ्ठ्याचं लावलं होतं. आठ महिने झाले, अजून पुठ्ठ्याचंच आहे.

आर्केड कॅबिनेट म्हणजे गेम पार्लरमध्ये असायची तशी उभी खेळपेटी. तिच्यात १९ इंची जुना एलसीडी मॉनिटर उभा बसवलाय. पॅक-मॅन (१९८०), डाँकी काँग (१९८१) हे उभ्या पडद्याचे खेळ, म्हणून. पडद्याभोवती लाकूड, वायरी, मॉनिटरची राखाडी कड असं सगळं उघडं दिसायचं, ते झाकायला ५ मिमी जाडीचा काळा फोम बोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला पुठ्ठा) कापला आणि वर ३ मिमी पारदर्शक ॲक्रिलिक टाकलं. सामान एवढंच.

पहिलं बेझल महिनाभरात फेकलं. चूक मापाची नव्हती, मी माप कशाचं घेतलं याची होती. या मॉनिटरचा उजळणारा भाग ३७६ × ३०१ मिमी, म्हणजे ५:४. हे खेळ मात्र ३:४ च्या पडद्यासाठी बनलेले. उंची पूर्ण भरली की चित्राची रुंदी २८२ मिमीच होते आणि दोन्ही बाजूंना साडेनऊ मिमीच्या पट्ट्या उरतात. दिवसा त्या काळ्या दिसतात. खोलीतला दिवा घालवला की राखाडी उजेड देतात, कारण एलसीडीच्या मागचा दिवा काही विझत नाही. मी भोक पॅनेलच्या, म्हणजे या पूर्ण उजळणाऱ्या भागाच्या मापाने पाडलं होतं, त्यामुळे त्या पट्ट्या छान चौकटीत बसवून ठेवल्यासारख्या दिसायच्या.

मग चित्राच्या मापाला चिकटून कापावं तर दुसरीच पंचाईत. मॉनिटरची प्लास्टिकची कड आणि वरचा बोर्ड धरून पॅनेलपासून बेझलचा पृष्ठभाग १२ मिमी वर येत होता. समोर उभं राहिलं तर सगळं ठीक. शेजारी उभा राहणारा ३० अंशांतून बघतो, त्याच्या बाजूचं जवळपास ७ मिमी चित्र बोर्डाखाली जातं. पॅक-मॅनमध्ये पाठलाग करणाऱ्या भुतांपासून पळायचं असतं; माझ्या धाकट्या भावाने पहिल्याच डावात तक्रार केली, "दादा, कडेचं भूत मला दिसतच नाही!"

शेवटी मॉनिटरची पुढची कड काढली. माझ्या मॉनिटरला ती नुसत्या खाचांवर बसलेली होती. मागचं झाकण उघडू नका, आत वीजपुरवठ्याचं सर्किट असतं, झटका बसू शकतो. कड निघाल्यावर बटणांची छोटी पट्टी लोंबकळते, ती दुहेरी चिकटपट्टीने बाजूला लावली. बोर्ड आता पॅनेलच्या धातूच्या कडेवर टेकतो. काचेवर दाब येत नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. भोक चित्रापेक्षा दोन्ही बाजूंना ४ मिमी मोठं ठेवलं. अंधारात बारीक राखाडी रेघ दिसते, पण भूतही दिसतं. हा सौदा मला मान्य आहे.

कापताना एका दमात आरपार जायचं नाही. नवं पातं, स्टीलची पट्टी, चार-पाच हलके हात. पातं बोथट असेल तर आतला फोम फाटून दाणे निघतात. माझ्या बोर्डाचा गाभा पांढरा होता आणि कापलेली कड पडद्याच्या उजेडात ट्यूबलाइटसारखी चमकायची. ती काळ्या मार्करने रंगवली, तर तिरप्या उजेडात जांभळी झाक मारायला लागली. स्प्रे मारायचा विचार होता, पण एका तुकड्यावर करून बघितलं तर द्रावकाने फोम खाल्ला. शेवटी पाण्यात मिसळणारा मॅट काळा ॲक्रिलिक रंग बारीक ब्रशने दोन हात दिला, तेव्हा कुठे कड दिसेनाशी झाली. पुन्हा करायचं झालं तर काळ्या गाभ्याचाच बोर्ड घेईन.

दमट हवेत बोर्ड मधोमध फुगला होता, कारण बोर्डावर वेगळा कागद एकाच बाजूने चिकटवला होता. मागूनही तसाच कागद लावल्यावर सरळ झाला तो झालाच.

ॲक्रिलिकवर मात्र मी नाराज आहे. कोरड्या फडक्याने धूळ पुसत गेलो आणि आठ महिन्यांत बारीक ओरखड्यांचं जाळं पडलं. आता ओला मऊ कपडाच वापरतो, पण पडलेले ओरखडे काही जात नाहीत. पुढच्या वेळी टफन्ड काच. काच आली की बोर्ड न हलवता फक्त वरचं बदलेन.