सेनहायझर एचडी ६००: सोलापूरच्या उन्हाळ्यात, मागांच्या खटखटीत आणि आमच्या ग्रुपच्या नादात

आधी मुद्द्याचं. सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ साली आलेला हेडफोन आहे, अजून नवा कोरा मिळतो, आणि मी तो सेकंडहँड घेऊन बरेच महिने झाले वापरतोय. ओपन बॅक (म्हणजे कपाची पाठ उघडी), ३०० ओहम (विजेला होणारा अडथळा), वजन साधारण २६० ग्रॅम, वायरचाच. ब्लूटूथ नाही, माईक नाही, नॉइज कॅन्सलिंग नाही. नवीन घेतला तर एका बऱ्यापैकी मोबाईलचे पैसे जातात. एवढं सगळं नसताना आमच्या हेडफोनवेड्यांच्या ग्रुपमधली माणसं, ज्यांच्या कपाटात आधीच चार-पाच हेडफोन पडलेत ती सुद्धा, ह्याच्यामागं का लागतात हे सांगायचंय म्हणून रिव्ह्यू थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आवाजाचं सांगतो. मधला पट्टा, म्हणजे माणसाचा गळा, हार्मोनियम, सनई, सारंगी, हे ह्या किमतीत असं खरं वाटायला लावणारे हेडफोन फार थोडे. तानपुऱ्याची जवारी ऐकायची असेल तर हाच. साध्या इअरफोनवर तानपुरा म्हणजे मागं कुठंतरी चाललेली घरघर असते, ह्याच्यावर एकेक तार वेगळी कळते आणि षड्ज नीट लागलाय का नाही ते पण कळतं, कधीकधी नको तेवढं कळतं. भजनाच्या रेकॉर्डिंगमधले टाळ कानाला टोचत नाहीत आणि दबून पण जात नाहीत. हलगीचा कडाका येतो. ढोलाचं मात्र सोडा. ढोल वाजतो, सूर कळतो, पण मिरवणुकीत छातीत जो दणका बसतो तो इथं नाही, कारण ओपन बॅक डायनामिक हेडफोनचा खालचा बास हळूहळू उतरत जातो आणि ह्याचा तर लवकर उतरतो. डीजेवाल्या पोरांनी ह्याच्या वाटेला जाऊच नये. स्टेज, म्हणजे आवाज किती पसरलेला वाटतो ते, पण लहान आहे, गाणारा समोर चार फुटांवर नाही तर जवळपास कपाळाला टेकून बसलेला वाटतो. मला ते चालतं, आमच्यातल्या दोघांना अजिबात चालत नाही.

घालायला कसा, तर नवा पीस डोकं आवळतो, चष्मेवाल्यांना कानाच्या वर दुखतं. जुना घेण्याचा एक फायदा तो, आधीच्या मालकानं डोकं देऊन ढिला केलेला असतो. पॅड मखमलीसारखे कापडी आहेत आणि हे आपल्याकडं लई महत्त्वाचं आहे, मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेल्यावर रेक्झिनच्या पॅडचा हेडफोन घालून दाखवा कुणी अर्धा तास, कान उकडून निघतात. केबल ३ मीटरची, टीव्हीपासून कॉटपर्यंत बरोबर पुरते, आणि येणाराजाणारा प्रत्येक माणूस तिच्यात पाय घालतो. केबल निघते, पॅड निघतात, वरची गादी निघते, ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) सुद्धा निघतो, सगळ्याचे स्पेअर मिळतात. पंचवीस-पंचवीस वर्षं जुने पीस लोक अजून वापरतात ते ह्याच्यामुळं. आताच्या इअरबड्सची बॅटरी गेली की फेकून द्यायचं, ते ह्याच्यात नाही.

आता ३०० ओहमचं भूत. ओहम जास्त म्हणून वेगळा अँप, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, लागतो असा समज. "अँप घेतल्याशिवाय हा वाजतच नाही" असं जो तो सांगतो. साधा हिशोब करा. कंपनीचा आकडा आहे १ व्होल्टला ९७ डेसिबल. ३०० ओहमला १ व्होल्ट म्हणजे साडेतीन मिलीवॅट पण होत नाही, तेवढ्यात ९७ डेसिबल मिळतं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या आसपास राहा. म्हणजे १ व्होल्ट देणारा चांगला डोंगल (हेडफोनची पिन लावायचा छोटा अडॅप्टर) मोबाईलला लावला तरी फिल्मी गाण्यांना भरपूर होतं. हां, शास्त्रीय संगीताची जुनी रेकॉर्डिंग हळू आवाजात केलेली असतात, तिथं व्हॉल्यूम शेवटाला नेऊन पण अजून थोडं हवं होतं असं वाटतं, मग छोटा डेस्कटॉप अँप घेतला तर घेतला. पण दहा हजाराच्या अँपनं आवाजात जादू होते म्हणणाऱ्यांना मी फक्त एकच विचारतो, दोन्हीकडं व्हॉल्यूम सारखा करून ऐकला होता का. बऱ्याचदा उत्तर येत नाही.

हे व्हॉल्यूमचं प्रकरण आमच्या ग्रुपमध्ये भांडणाचं मूळ आहे. कानाला किंचित मोठं वाजलेलं नेहमी जास्त चांगलं वाटतं, फरक एखाद्या डेसिबलचा असला तरी, आणि तेव्हा आपल्याला ते 'मोठं' वाटत नाही, 'क्लिअर' वाटतं. त्यात आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांच्या वर टिकत नाही. त्यामुळं काल रात्री ह्याच्यावर ऐकलं आणि आज सकाळी त्याच्यावर, फरक जाणवला, ह्याला काही अर्थ नाही. रविवारी आम्ही एकाच्या घरी बसतो, तेच गाणं, व्हॉल्यूम मोजून सारखा केलेला, आणि अँप बदलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या पाठीमागं. अर्धे वाद तिथंच मिटतात. हेडफोनचे मात्र मिटत नाहीत, कारण हेडफोन-हेडफोनमधला फरक खरोखर मोठा असतो, डोळे बांधून पण ओळखू येतो. अँप-केबलवर पैसे घालवण्याआधी हेडफोनवर घालवा म्हणतात ते ह्याच्यासाठी.

मग लोक एकावर का थांबत नाहीत? घरी बायकोनं सरळ विचारलं, "अहो, गाणं तेच नं? मग तेच ऐकायला परत पैसे कशाला?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायला मला वेळ लागला, आणि ते असं आहे की सोलापुरात राहून हेडफोन ऐकून बघायची सोय कुठाय? नवी पेठेत मोबाईलची दुकानं ओळीनं आहेत, इअरबड्स ढिगानं मिळतात, पण ३०० ओहमचा हेडफोन काउंटरवर ठेवून "घाला, बसा, तुमची गाणी लावा" म्हणणारा मला तरी भेटला नाही. त्यासाठी पुणं-मुंबई गाठायची. चेन्नईच्या हेडफोन झोनसारखे लोक ऑनलाइन विकतात, पण ऑनलाइन तर काय, व्हिडिओ बघायचा, मोजलेल्या आवाजाचा ग्राफ बघायचा आणि ऑर्डर टाकायची. म्हणजे आपल्याकडं घेणं हीच ट्रायल आहे. घेतला, महिनाभर ऐकला, आवडला तर ठेवला, नाही तर ग्रुपवर थोडं नुकसान सोसून विकला आणि त्या पैशात दुसरा आणला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ह्या माणसाला अपग्रेडचं वेड लागलंय. पुण्यातला माणूस दुकानात एका दुपारी जे काम उरकतो ते आम्ही वर्षभर कुरियरनं करतोय, एवढंच.

आणि ग्राफ बघून कळत नाही का, तर काही अंशी कळतं. हार्मन ह्या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी ह्यांनी २०१२-१३ च्या सुमारास लोकांना बसवून ऐकवून बघितलं आणि चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात त्याच्या जवळचा आवाज बहुतेकांना हेडफोनमध्ये आवडतो असं निघालं. त्यातून जो हार्मन टार्गेट, म्हणजे हेडफोन कसा वाजावा ह्याचा नमुना ग्राफ, आला तो आता बरेच जण वापरतात, स्वस्तातले चायनीज आयईएम (कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरफोन) एवढे सुधारले ते बऱ्यापैकी त्याच्यामुळंच. २०२२ ला मूनड्रॉप चू आला, दोन हजारांच्या आसपास, आणि खरं सांगतो, ज्याला फक्त चांगलं ऐकायचंय त्यानं तेवढ्यावर थांबावं, पुढचं वाचू पण नये. पण 'बहुतेकांना' म्हणजे सगळ्यांना नाही. कानाची पाळी, कानाची नळी प्रत्येकाची वेगळी, तोच हेडफोन माझ्या कानात आणि तुमच्या कानात वेगळा वाजतो.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण आमच्या ग्रुपमधले अण्णा. पूर्व भागात राहतात, जन्म सगळा यंत्रमागावर गेला, टॉवेलचा कारखाना. त्यांचा आवडता हेडफोन बायरडायनामिकचा डीटी ९९०, जो वरच्या पट्टीत, ८-९ हजार हर्ट्झच्या आसपास, चांगलाच तिखट आहे. मला त्याच्यावर टाळ ऐकवत नाही. अण्णांना तो एकदम मोकळा वाटतो, आणि माझा एचडी ६०० घातला की म्हणतात, "काय बे हे, आवाजावर चादर टाकलीय का?" आम्ही आधी हसायचो. मग त्यांनी कानाची तपासणी करून घेतली तर वरच्या पट्टीत ऐकू कमी येतं असं निघालं. मागाच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचं ४ हजार हर्ट्झच्या आसपास आधी जातं, हे डॉक्टरांना नवीन नाही. म्हणजे डीटी ९९० चा जो तिखटपणा मला दोष वाटतो तो अण्णांच्या कानात भरपाई करतो. आता ह्या दोघांतला चांगला कुठला, सांगा बघू. सेनहायझरवर 'पडदा' असल्याचा आरोप जगभर होतो, एचडी ६५० वर तर जास्तच, पण तो करणाऱ्याचे कान कसे आहेत हे कुणी विचारत नाही. (गंमत म्हणजे सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा धंदा २०२२ मध्ये सोनोव्हाकडं गेला, ही स्विस कंपनी मुळात श्रवणयंत्रं बनवते. आमच्या पुढच्या वयाची सोय पण झाली.)

दुसरं कारण हवामान आणि शेजार. ओपन बॅक म्हणजे बाहेरचं सगळं आत आणि आतलं सगळं बाहेर. एप्रिल उजाडला की घरात कूलर सुरू, कूलरच्या घरघरीत ह्याचा आधीच कमी असलेला बास पूर्ण बुडतो. कूलर बंद करा तर माणूस बुडतो, घामात. रात्रपाळीचे माग चालू असले की खिडकीतून खटखट येते ती वेगळीच. नॉइज कॅन्सलिंगचा हेडफोन कूलरच्या सलग घरघरीला छान मारतो पण मागाच्या तुटक खटखटीला तेवढा मारत नाही, तिथं कानात घट्ट बसणारा आयईएमच कामाला येतो. म्हणजे बघा, एचडी ६०० थंडीतल्या रात्री, आयईएम उन्हाळ्यात, पुण्याच्या प्रवासात नॉइज कॅन्सलिंगवाला. तीन झाले, आणि ह्यातला एक पण चैनीचा नाही. चौथा चैनीचा, तो मान्य.

तिसरं कारण मात्र खरंच मनाचं आहे. कानाला कुठल्याही आवाजाची सवय होते. नवा हेडफोन आला की आठवडाभर जुन्या गाण्यात नवीन काहीतरी सापडत राहतं, मागचं कोरसचं वाक्य, गाणाऱ्यानं घेतलेला श्वास, मग सवय होते आणि ते सापडणं थांबतं. लोक ते सापडणं परत विकत घेतात. एचडी ६०० च्या पोटातच हा बाजार आहे बघा: २००३ ला एचडी ६५० आला, २०१६ ला ड्रॉप ह्या अमेरिकन ऑनलाइन दुकानानं त्याचीच स्वस्त आवृत्ती एचडी ६ एक्सएक्स म्हणून काढली, २०१७ ला एचडी ६६०एस, २०२३ ला एचडी ६६०एस२. शेजारी शेजारी ठेवून ऐकले तर हे सगळे एका घरातले भाऊ आहेत, कुणाचा गळा थोडा जाड, कुणाचा बास थोडा खाली. वर चढलं असं ह्यात काही नाही, बाजूला सरकलं आहे. आमच्यातल्या एकाकडं ह्यातले तीन आहेत आणि तो तिन्ही विकायला तयार नाही, कारण विचारलं की चिडतो.

इक्वलायझर लावून सगळं एकाच हेडफोनवर होत नाही का, हा पण प्रश्न येतो. बरंच होतं, फुकटात होतं, ऑटोइक्यू नावाच्या साइटवर हेडफोनप्रमाणं सेटिंग तयार मिळतात. एचडी ६०० ला थोडा बास वाढवून मी पण ऐकतो. पण खालचा बास फार उचलला की ड्रायव्हर फाटल्यासारखा करायला लागतो, आणि स्टेज, डोकं आवळणं, गरमी ह्यातलं इक्वलायझरनं काहीच बदलत नाही.

तर घ्यावा का. गाणं म्हणजे आधी गळा असं ज्याचं आहे, जो शांत खोलीत बसून ऐकतो, त्यानं घ्यावा, आणि ह्याच्यानंतर ह्याच जातीचा दुसरा घेऊ नये, घ्यायचाच तर एकदम वेगळा घ्यावा, बंद कपाचा नाही तर आयईएम. ज्याच्या घरात सारखी वर्दळ, कूलर, टीव्ही, त्यानं पैसे वाचवावेत. नवा घ्यायची घाई नको, हा हेडफोन सेकंडहँडमध्ये चांगला मिळतो. घेताना डोक्यावरच्या पट्टीला मध्यभागी तडा गेलाय का बघा, केबलचे दोन्ही पिन हलवून आवाज तुटतो का बघा, मोनो गाणं लावून दोन्ही कानात सारखं येतंय का ऐका. आणि पॅड दाबून चपटे झाले असतील तर ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो, ते मॉडेलचा दोष समजू नका, नव्या पॅडचे पैसे किमतीतून कापायला सांगा. सहसा देतात.