वर जाऊन परत खाली येणारी काच: पॉवर विंडोचा दीड वर्षाचा अनुभव

पॉवर विंडो, म्हणजे गाडीची बटणाने वर-खाली होणारी काच, सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. ड्रायव्हरची काच बटण एकदा ओढलं की वर जाते, चार बोटं उरली की थबकते आणि आपोआप पुन्हा खाली येते. सर्व्हिस सेंटरचं निदान एका मिनिटात: मोटर गेली, रेग्युलेटरसकट (काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेसकट) सेट बदला.

सुरुवातीला मोटरवरचा संशय मलाही पटला होता. आता अजिबात नाही. कमजोर मोटर काच संथ नेते किंवा अडकवते. उलटी फिरवत नाही. उलटी फिरवतं ते कंट्रोल युनिट. मोटरमधला हॉल सेन्सर (चुंबकाच्या मदतीने चालणारा) फेरे मोजतो, त्यावरून काच कुठे आहे आणि वेग किती पडला हे युनिटला कळतं. वेग पडला की मध्ये हात आला असं धरून ते काच खाली घेतं. काच उलटण्याआधी हातावर किती जोर पडू शकतो, याची अमेरिकी आणि युरोपीय नियमांतली मर्यादा १०० न्यूटन आहे, ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीसाठी. नेमक्या याच टप्प्यात काच दोन्ही बाजूंच्या रबरात सगळ्यात जास्त घासते. म्हणजे दोष रबराचा, बिल मोटरचं! राग येतो तो याचा.

उपाय असा: काच पूर्ण खाली घ्या. प्लास्टिकच्या पातळ पट्टीला ओलं फडकं गुंडाळून रबराच्या खोबणीतून वरपासून खालपर्यंत फिरवा. फडक्यावर काळा, वाळूसारखा चरचरीत थर येतो. तो येणं थांबेपर्यंत पुसा. सुकू द्या, मग खोबणीत नळीने सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा पेट्रोलियम तेल नको, त्याने रबर फुगतं आणि धूळ धरतं. शेवटी काचेला तिची जागा पुन्हा शिकवा: इग्निशन चालू, काच पूर्ण खाली, मग बटण ओढून पूर्ण वर आणि वर टेकल्यावरही काही सेकंद धरून. नेमका क्रम गाडीनुसार बदलतो, मॅन्युअलमध्ये असतो. बॅटरी काढली तर बऱ्याच गाड्यांत हे पुन्हा करावं लागतं.

खोबणी स्वच्छ असूनही काच रुसत असेल, आणि दार उघडताना-मिटताना मध्येच चालत असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर बघा. आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. एक-दोन तारा शिल्लक असल्या तरी मल्टिमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून जास्त करंट ओढणारा २१ वॉटचा बल्ब लावून तपासा. वाकणाऱ्या भागात सोल्डरचा जोड नको. जोडाच्या कडेला वायर पुन्हा तुटते. तेवढा तुकडा नवा घाला, जोड नळीच्या बाहेर.

डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडलाच, तर आतला प्लास्टिकचा पडदा फाडू देऊ नका. ब्युटिल टेपने (चिकट रबरी पट्टीने) कडेकडेने दाबून परत बसवून घ्या, नाहीतर एरवी दाराच्या तळातल्या भोकांतून बाहेर जाणारं पाणी कार्पेटखाली साचतं.