आठ महिने, ९,२४० किलोमीटर अन् पेट्रोलची वही

बाइक पाडव्याला घेतली, १२५ सीसी, इंजेक्शनवाली, अन् आता कापूस वेचणी जोरात सुरू आहे म्हणजे आठ महिने झाले धरा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही, लिहिलं की अर्धे लोक कंपनीवरूनच भांडतात अन् मूळ गोष्ट राहून जाते. मी केळापूर तालुक्यातला, पांढरकवड्याला कृषी केंद्रात कामाला, रोजचं जाणं-येणं ३४ किलोमीटर अन् वरून सकाळ-संध्याकाळ वावर.

नवीन गाडी दिसली की आमच्याकडं पहिला प्रश्न एकच, ॲव्हरेज किती देते? शोरूममधल्या पोरानं ६५ सांगितलं होतं, शेजारचे काका म्हणे त्यांच्या भाच्याला ७० पडते, अन् गाडीचं मीटर स्वतःच ५८ दाखवते. म्हटलं आता कोणाचंच ऐकायचं नाही, वही घालायची.

पद्धत सोपी आहे पण तिच्यातही मी दोन महिने चुकलो. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी परत फुल करायची, जेवढे लिटर बसले तेवढे मधात जळले, किलोमीटर भागिले लिटर, झालं. गोची सगळी "फुल" म्हणजे किती यात आहे. एकदा साइड स्टँडवर भरली, एकदा मधल्या स्टँडवर, एकदा पंपावरचा पोरगा ओळखीचा निघाला तं त्यानं झाकणापर्यंत चेपून भरलं, अन् मे महिन्याच्या उन्हात तेच पेट्रोल फुगून टाकीवरून ओघळलं, रंगावर डाग अजून आहे. त्या फेऱ्यांचे आकडे आले एक ६६ अन् एक ४३. गाडी तीच, रस्ता तोच! मंग नियम केला, एकच पंप, मधला स्टँड, टाकीच्या तोंडात खाली जी पट्टी दिसते तिथं पेट्रोल टेकलं की बस. तरी एका टाकीवर भरोसा ठेवत नाही, चार-पाच टाक्या मिळूनच आकडा पाहतो. (अन् ते पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळते म्हणून अंधारात पंपावर उभे राहणारे, राजेहो, पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथं सकाळ-दुपार फारसा फरकच पडत नाही. मापाची शंका असली तं पंपावर पाच लिटरचं माप असते, ते मागा, तो हक्क आहे.)

तं हिशोब असा, ९,२४० किलोमीटरला १७२ लिटर. भागा, ५३.७ येते. १०५ रुपये लिटर धरलं तं किलोमीटरला १ रुपया ९५ पैसे. मीटरवरचे ५८ अन् वहीतले ५३.७, एवढा फरक पूर्ण आठ महिने राहिला, कारण मीटर काही पेट्रोल मोजत नाही, इंजेक्टर, म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल फवारणारी बारीक तोटी, किती वेळ उघडा होता त्यावरून अंदाज लावते. उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करते, तेव्हा आकडा ९९ वर जाऊन बसते अन् बायको मागून म्हणते, "पाहा नं, ९९ झाले!" तिला कोण सांगेल.

शोरूमचा ६५ चा आकडापण सरळ खोटा म्हणता येत नाही. असे आकडे टेस्टिंगमधून येतात, बंद खोलीत रोलरवर गाडी ठरलेल्या वेगानं पळवतात, तिथं समोरून वारा नाही, मागं ४५ किलोची युरियाची थैली नाही अन् पांदण रस्ता तं नाहीच नाही. दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करायला तो आकडा कामाचा, घरचा खर्च काढायला नाही.

रस्त्यानं काय होते ते सांगतो. हायवेवर, ४४ नंबरवर, ५०-५५ नं गेलो तं ६१ पडला, त्याच रोडवर ८० नं ओढली तं ४७, कारण वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गानं वाढते. पण सगळ्यात वाईट आकडा जुलैचा, ४४.८. त्या महिन्यात रोज वावरात जाणं होतं अन् आपली काळी माती तुम्हाला माहीतच आहे, टायर अन् मडगार्डच्या मधात ठासून बसते, चाक घासत फिरते, पुलावर थांबून पऱ्हाटीच्या काडीनं कोरून काढावी लागते तेव्हा गाडी सरकते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बोंबलते अन् पुढं सरकतो दोन हात. तिथं कोणत्याही कंपनीची गाडी आणा.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी लिहायला बसलो. घरी एक जुनी सेकंडहँड पेट्रोल कारपण आहे, महिन्याला ५०० किलोमीटर चालते, दवाखाना, लग्न, बाजार. तिचं ॲव्हरेज १३ होतं अन् कोणी लक्षच देत नव्हतं, जुनी गाडी आहे चालतेच म्हणून. वहीची सवय लागल्यावर तिचंपण लिहिलं, मंग मिस्त्रीकडं नेली. त्यानं मागचं चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवलं, चाक अर्धा फेरा जाऊन थांबलं. "ड्रमले हात लावून पाय भाऊ, पन जपून," म्हणे. चांगलंच तापलेलं होतं. ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, म्हणजे आम्ही किती दिवस ब्रेक दाबून गाडी चालवत होतो कोण जाणे. टायरमध्ये हवा २२, पाहिजे ३३. ब्रेक साफ केला, हवा भरली, १५ पडायला लागला.

लोक म्हणतात १३ चे १५ म्हणजे दोनच वाढले, बाइक ५४ वरून ६० ला नेली तं सहा वाढतील. इथंच फसगत होते. उलटं मोजा, शंभर किलोमीटरला किती लिटर. बाइक ५४ ला १.८५ लिटर पिते, ६० ला १.६७, वाचले पाव लिटरपेक्षाही कमी. कार १३ ला ७.६९ पिते, १५ ला ६.६७, वाचला सरळ एक लिटर. माझ्या महिन्याच्या धावण्यावर बाइकनं वाचतील दोन लिटर, कारनं पाच, म्हणजे सव्वापाचशे रुपये. मी आठ महिने बाइकच्या एका-एका किलोमीटरसाठी जीव काढत होतो अन् पैसे गळत होते शेडमध्ये उभ्या गाडीतून.

हीच फसगत सरासरीत होते. लग्नाला १२० किलोमीटर जाताना ६० पडला, येताना डबल सीट अन् घाईत ४०, तं भाऊजी म्हणे ॲव्हरेज ५०. नाही, जाताना २ लिटर, येताना ३, मिळून २४० ला ५, म्हणजे ४८. पटायला अर्धा तास लागला, तेही मोबाइलवर करून दाखवल्यावर.

इथेनॉलचं विचारणारच तुम्ही. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांशच ताकद असते, म्हणून २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं उतरते हे खरंच, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के घट लिहिली आहे. पण ५५ चे ४० झाले म्हणणाऱ्यांनी आधी चेन अन् हवा पाहावी. माझी गाडी पहिल्या दिवसापासून हेच पेट्रोल पिते, आधीचा आकडा माझ्याकडं नाही, त्यामुळं मी आपला गप्प.

बाकी गाडी ठीक, सीट कडक आहे, हेडलाइट गावच्या अंधाराला कमी पडते.

परवा बाबांनी वही मागून घेतली. म्हणे ट्रॅक्टरचं कुठं लिहिलं? म्हटलं बाबा, ट्रॅक्टरचं किलोमीटरवर नाही जमत, तासाला किती डिझेल अन् एकराला किती तास असं लिहावं लागते. चष्मा लावून बसले, मागच्या पानावर पेनानं दोन उभ्या रेघा ओढल्या अन् पहिल्या रकान्यात लिहिलं, "रोटावेटर, खालचं वावर".