फ्लोअर स्ट्रिपर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्ट्रिपर म्हणजे फरशीवरच्या फिनिशचा (चमकदार संरक्षक थराचा) जुना कोट सोडवून काढणारं रसायन. तो घेताना सगळे आधी विचारतात, "किती स्ट्राँग आहे?" व्हिनाइल टाइलच्या फरशीवर तीन प्रकारचे स्ट्रिपर काही महिने आलटूनपालटून वापरल्यावर मी आता आधी विचारतो, नंतर हे धुऊन किती सहज निघतं? जुना कोट तिघांनीही काढला. फरक दिसला तो नवा कोट चढवल्यावर.

जागा म्हणजे एक व्यावसायिक इमारत. लांबलचक कॉरिडॉर, लिफ्टसमोरचा सतत वर्दळीचा भाग, कँटीन आणि कुणी फारसं न फिरकणारी रेकॉर्ड रूम. काम रात्रपाळीचं. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. डब्यावरच्या नावापेक्षा आत काय आहे हे बघितलेलं बरं, आणि ते सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे उत्पादकाच्या रसायन-माहितीपत्रकावर, कळतं.

आजकालच्या फिनिशमध्ये मेण नावापुरतंच असतं. मुख्य थर अ‍ॅक्रिलिक पॉलिमरचा, आणि बऱ्याच फिनिशमध्ये त्या पॉलिमरच्या साखळ्या जस्ताने एकमेकींना बांधलेल्या असतात. रोजच्या न्यूट्रल क्लीनरने म्हणूनच त्याला काही होत नाही. स्ट्रिपरमधलं अमोनिया किंवा अमाइन ही जस्ताची गाठ सोडवतं, अल्कली थराला फुगवते आणि सॉल्व्हंट आत मुरून त्याला मऊ करतं. फिनिश बिनजस्ताचं असेल तर अमाइनचा तेवढा उपयोग नाही, तिथे भिस्त सॉल्व्हंटवर. त्यामुळे फरशीवर आधी काय लावलंय हे माहीत नसताना स्ट्रिपरचे कॅन भरून ठेवू नका. थोडासा मागवा, दाराआडच्या कोपऱ्यात टाका, दहा मिनिटं थांबा आणि प्लास्टिकच्या खरवडणीने ओढून बघा. थर सायीसारखा गोळा होऊन आला तर पुढे जायला हरकत नाही.

पहिला वापरला तो जहाल अल्कलीवाला: सोडियम हायड्रॉक्साइड, मोनोइथेनॉलअमाइन, जोडीला ब्यूटॉक्सिइथेनॉल हे सॉल्व्हंट, पीएच १३ च्या वर. रेकॉर्ड रूममध्ये वर्षानुवर्षं कोटावर कोट चढवून फरशी पिवळी पडली होती, तिथे याला तोड नाही. पण वास डोक्यात जातो, खिडक्या न उघडणाऱ्या मजल्यावर तर नकोच. आणि धुताना हा पिच्छा सोडत नाही. दोनदा पाणी मारूनही पीएच पट्टी हिरव्यानिळ्याकडेच झुकत होती, म्हणजे अल्कली अजून शिल्लक. लिनोलियमवर याचा थेंबही पडू देऊ नका. जवसाच्या तेलाचा तो पदार्थ तीव्र अल्कलीने काळपट होतो आणि पुन्हा पूर्वपदावर येत नाही. तिथे लिनोलियमसाठीच बनवलेला कमी पीएचचा स्ट्रिपर लागतो.

दुसरा बेन्झिल अल्कोहोलवाला, कमी वासाचा. सुरुवातीला टीमचा त्याच्यावर विश्वासच नव्हता, कारण वास नाही म्हणजे दम नाही असा समज. काम तो हळू करतो हे खरं. पण सकाळी इमारतीत शिरणाऱ्या कुणी नाक मुरडलं नाही, आणि कॉरिडॉरसाठी मला हेच हवं होतं. फक्त तो टाइलवर ठरल्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका, सॉल्व्हंट फिनिशबरोबर व्हिनाइललाही मऊ करायला लागतं.

तिसऱ्याच्या कॅनवर मोठ्या अक्षरात 'नो रिन्स'. म्हणजे गाळ (स्ट्रिपर आणि सुटलेल्या फिनिशचा चिखल) उचला आणि न धुता थेट कोट मारा. आम्ही गाळ उचलून पट्टी लावली, तर अल्कली शाबूत. पट्टी असं सांगत असताना वरून फिनिश ओतायला माझा हात धजावला नाही, धुऊनच घेतलं. मग त्या नावाचे जास्तीचे पैसे कशाला?

फरशीत अल्कली राहिली की नवं फिनिश नीट चिकटत नाही. पहिल्या दिवशी चमकतं, मग बुटांच्या वाटेवर पांढुरकी पावडर सुटायला लागते आणि लोक दोष फिनिशला देतात. आमचा क्रम आता असा: गाळ वेट व्हॅक्यूमने उचलायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचं, पुन्हा उचलायचं, दुसऱ्या पाण्यात न्यूट्रलायझर (उरलेली अल्कली मारणारं द्रावण) घालायचा आणि ओल्या फरशीवर पट्टी टेकवायची. नळाच्या पाण्याइतका पीएच आला की थांबायचं. सुकलेल्या फरशीवरून हात फिरवल्यावर तळव्याला पांढरं लागलं तर पुन्हा पाणी. मॉपही वेगळे. स्ट्रिपरचा मॉप कितीही धुतला तरी फिनिशच्या बादलीत जात नाही.

पातळ करण्याचं प्रमाण लेबलवर असतं, ते तंतोतंत पाळा. जास्त घट्ट केल्याने काम लवकर होत नाही, धुणं मात्र वाढतं. पाणी गार की कोमट हेही लेबलच ठरवतं. कढत पाण्याने अमोनिया आणि सॉल्व्हंट हवेत उडतात, म्हणजे फरशीऐवजी आपल्या छातीत जातात. टाकल्यावर सहसा पाच ते दहा मिनिटं भिजू द्यायचं, आणि या वेळात ते सुकू द्यायचं नाही. एसीच्या झोताखाली कडा आधी सुकतात आणि विरघळलेलं फिनिश पुन्हा फरशीला धरतं. म्हणून एका वेळी छोटा भाग घ्यायचा, मशीन आणि व्हॅक्यूम गाठू शकतील एवढाच.

मशीन मिनिटाला १७५ फेऱ्यांची सिंगल डिस्क, खाली काळा पॅड. पॅड गाळाने भरला की उलटा करा, दोन्ही बाजू भरल्या की बदला. भरलेला पॅड घासत नाही, नुसता सरकतो. मऊ लक्झरी व्हिनाइलवर काळा पॅड चरे पाडतो, तिथे निर्मात्याने सांगितलेलाच लावा. स्कर्टिंगलगत मशीन पोचत नाही, ते काम हातपॅड आणि खरवडणीचं. सगळ्यात कंटाळवाणं हेच, आणि हेच टाळल्याने खोल्यांच्या कडेला तपकिरी पट्टे राहतात.

इमारत फार जुनी असेल आणि नऊ इंची टाइल दिसल्या तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी झाल्याशिवाय काळा पॅड फिरवू नका. कोरडं घासणं तर अजिबात नाही.

स्ट्रिपर पडलेली फरशी बर्फापेक्षा वाईट घसरते. साध्या रबरी तळव्याच्या बुटांवर भरवसा नको, स्ट्रिपिंगचे खास बूट घ्या. हातमोजे कोपरापर्यंतचे, डोळ्यांना बंद गॉगल. अमोनियावाल्या स्ट्रिपरच्या आसपास ब्लीच फिरकूही देऊ नका, क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो. उचललेल्या गाळात जस्त असतं, तो पावसाच्या गटारात ओतायचा नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा फरक पडला तो स्ट्रिपर कमी वापरल्याने. वरचा थरच मळका आणि चरे पडलेला असेल तर पूर्ण स्ट्रिप कशाला? न्यूट्रल क्लीनर आणि निळ्या पॅडने चांगलं घासून वर एक-दोन कोट दिले तरी काम भागतं. लिफ्टसमोर आम्ही आता हेच करतो. पूर्ण स्ट्रिप फक्त तळाचा थर पिवळा पडला असेल किंवा फिनिश सोलवटत असेल तेव्हाच.

पुन्हा मागवायचा झाला तर बेन्झिल अल्कोहोलवाला नेहमीसाठी आणि अल्कलीवाल्याचा एकच कॅन, कुलपात, रेकॉर्ड रूमसारख्या जागांसाठी. नो रिन्स मागवणार नाही. एक तक्रार कमी वासवाल्याचीही आहे: मापाचं झाकण इतकं उथळ की हातमोजे घालून ओततानाच सांडतं. आम्ही त्याला वेगळं मोजपात्र बांधून ठेवलंय.