तांब्याच्या बाथची तपासणी: वागळे इस्टेटमधील एका प्रयोगशाळेचा अनुभव

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्यात विजेच्या साहाय्याने वस्तूंवर तांब्याचा मुलामा चढवण्यासाठी आम्लीय तांब्याच्या द्रावणाची, म्हणजे बाथची, एक टाकी आहे. पावसाळ्यानंतर तिच्यातून निघणाऱ्या जॉबच्या (मुलामा दिलेल्या वस्तूंच्या) खोलगट भागात निस्तेज थर येऊ लागला आणि ब्राइटनर (चकाकी आणणारे रसायन) वाढवूनही फरक पडेना, तेव्हा ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या एका खाजगी प्रयोगशाळेत आम्ही बाथचा नमुना दिला. तिथे मिळालेल्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

तपासणी म्हटली की सहसा कॉपर सल्फेट, सल्फ्युरिक ॲसिड व क्लोराइडचे आकडे आणि २६७ मिलिलिटरच्या हल सेलमधले (छोट्या चाचणी-टाकीतले) एक पॅनेल, म्हणजे मुलामा देऊन पाहिलेला पत्रा, हाती पडते. त्यावरून अशुद्धी किती आहे हे समजते; पण तांबे बसण्याच्या वेगावर ती काय परिणाम करते, हे समजत नाही. या प्रयोगशाळेने आमचा नमुना आणि शुद्ध रसायनांत आमच्याच ब्राइटनरची योग्य मात्रा घालून केलेले ताजे द्रावण, या दोहोंचे ध्रुवीकरण वक्र (किती विभवाला किती करंट वाहतो ते दाखवणाऱ्या रेषा) एकाच आलेखावर काढून दिले. तेवढाच करंट मिळवण्यासाठी आमच्या बाथला कॅथोडवर (जिथे तांबे बसते त्या ऋण टोकावर) किती अधिक विभव लागते, ते त्यावर स्पष्ट दिसत होते.

तेथील रसायनतज्ज्ञांनी वेळ काढून त्याचे कारणही समजावले. तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन एकदम घेत नाही. पहिला इलेक्ट्रॉन घेण्याची पायरी संथ असते आणि सगळा वेग तिच्यावर अवलंबून राहतो. थोडे क्लोराइड ही पायरी सोपी करते, शिवाय बाथमधले पॉलिमर पृष्ठभागावर धरून ठेवायलाही तेच लागते. म्हणून चकचकीत आम्लीय तांब्यात ते साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर राखतात. आमच्याकडे ते १४० निघाले. इतके झाले की कमी विरघळणारे क्युप्रस क्लोराइड तयार होऊ लागते आणि ॲनोडवर (तांब्याच्या धन टोकावर) त्याचा थर धरतो. बाष्पीभवनाने घटलेली पातळी आम्ही टँकरच्या क्लोराइडयुक्त पाण्याने भरत होतो, ही चूक आमचीच होती.

मला सर्वांत मोलाची वाटली ती पुढची पायरी. नमुन्याचा अर्धा भाग सक्रिय कार्बनमधून गाळून, त्यात नव्याने ब्राइटनर घालून त्यांनी वक्र पुन्हा काढला आणि तो ताज्या द्रावणाच्या वक्राच्या बराच जवळ आला. म्हणजे मुख्य दोष ब्राइटनरच्या विघटनातून साठलेल्या सेंद्रिय पदार्थांचा होता आणि आम्ही ब्राइटनर ओतत राहून त्यात भरच घालत होतो. कार्बनने क्लोराइड निघत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले. अर्धी टाकी काढून ती क्लोराइडविरहित द्रावणाने भरली तर १४० चे ७० होतील, हा हिशेब त्यांचाच. सांडपाण्यावरील प्रक्रियेचा खर्च मोठा होता, तरी आम्ही तसे केले आणि खोलगट भागातला थर सुधारला.

अहवालात दोन उणिवा मात्र आहेत. लोहाचा आकडा एकत्रित दिला आहे; फेरिक आणि फेरस ही त्याची दोन रूपे वेगळी हवी होती, कारण फेरिक आयन कॅथोडवर इलेक्ट्रॉन घेऊन फेरस होतो, करंट खर्च होतो आणि तेवढे तांबे कमी बसते. एका ॲम्पियर-तासाला शंभर टक्के कार्यक्षमतेने १.१८६ ग्रॅम तांबे बसायला हवे, त्यातले किती गमावले ते या आकड्याशिवाय ताडता येत नाही. तसेच आलेखावर द्रावणाचे तापमान नोंदलेले नव्हते आणि तापमान बदलले की हा वक्र सरकतो, त्यामुळे पुढच्या वेळच्या आलेखाशी तुलना अवघड होईल. दोन्ही गोष्टी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत.

अहवालाला चार दिवस लागले आणि शुल्क साध्या तपासणीपेक्षा बरेच अधिक होते. रोजच्या देखरेखीसाठी कारखान्यातला हल सेलच पुरेसा आहे. पण पॅनेल बिघडलेले दिसते आणि रासायनिक आकड्यांतून कारण सापडत नाही, अशा वेळी मी नमुना पुन्हा इथेच पाठवीन.