लक्सॉल फास्ट ब्लूचा तयार संच: निळा रंग चोख, पत्रक बेभरवशाचे

मेंदू आणि मज्जारज्जूच्या छेदांत (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ कापांत) मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचे मेदयुक्त आवरण, दाखवण्यासाठी लागणारे लक्सॉल फास्ट ब्लू या निळ्या रंगाचे द्रावण आम्ही आजवर प्रयोगशाळेतच तयार करत होतो. क्लूव्हर आणि बरेरा यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत मायलिन निळे दिसते, तर क्रेसिल व्हायोलेट या दुसऱ्या रंगामुळे न्यूरॉनमधले निस्सल कण (पेशीतले प्रथिने बनवणारे कण) जांभळे होतात. गेले काही महिने आम्ही याच पद्धतीचा तयार संच वापरत आहोत.

निळ्या द्रावणाबद्दल तक्रार नाही. ५६ ते ६० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवलेल्या स्लाइड सकाळी एकसारख्या रंगलेल्या निघतात, आणि सोबतच्या रंगपात्राचे झाकण घट्ट असल्याने अल्कोहोल उडून छेदावर रंगाचा गाळ बसत नाही.

खरी अडचण जादा रंग उतरवताना येते. लिथियम कार्बोनेटच्या ०.०५ टक्के द्रावणात आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये छेद किती वेळ ठेवायचा, हे संचासोबतच्या सूचना-पत्रकात सेकंदांत ठरवून दिले आहे. पण मायलिन कमी असलेल्या करड्या भागातला रंग जाऊन मायलिनने भरलेल्या पांढऱ्या भागातला टिकेपर्यंत थांबायचे असते आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. १० मायक्रॉन जाडीच्या छेदांना जुळलेली पत्रकातली वेळ आम्ही पत्रकावर विसंबून ५ मायक्रॉनच्या मज्जारज्जूच्या छेदालाही दिली, तेव्हा निरोगी पांढरा भागही फिका पडला. सोबत ठेवलेली नियंत्रण स्लाइडही (तुलनेसाठीचा निरोगी ऊतीचा छेद) तशीच फिकी दिसली म्हणून बरे, नाहीतर तो मायलिनचा ऱ्हास म्हणून अहवालात गेला असता. जाडीचा उल्लेख पत्रकात कुठेही नाही, ही रोगनिदानासाठी विकल्या जाणाऱ्या संचातली गंभीर त्रुटी आहे.

क्रेसिल व्हायोलेटची बाटली उघडल्यावर काही आठवड्यांतच तळाशी गाळ धरते, त्यामुळे दर वेळी गाळून घ्यावे लागते.

अर्थात फिक्सेशन (ऊती कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये पक्की करणे) कच्चे असेल तर दोष संचाला देता येणार नाही. अखंड मेंदू त्याच्या तळाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये किमान दोन आठवडे टांगून ठेवण्याइतका धीर नसेल, तर आतला भाग गुलाबी आणि मऊच राहतो, आणि अशा छेदावर कोणताही रंग नीट बसत नाही.

महिन्याकाठी दोन-चारच नमुने येत असतील, तर हा संच घेण्यासारखा आहे. निळे द्रावण सुटेही मिळते. आम्ही पुढची मागणी तेवढ्याचीच नोंदवली असून क्रेसिल व्हायोलेट पूर्वीप्रमाणे प्रयोगशाळेतच बनवत आहोत.